पलंगाच्या मापाची गाडी

घाटाखालच्या एका गावात एक सुतार राहत होता आणि त्याचं माप कधी चुकत नसे. नाव जनार्दन, पण सगळे म्हणायचे जनू मिस्त्री. सुतारकामात सूत नावाचं एक माप असतं, इंचाचा आठवा भाग. जनू मिस्त्रीनं बसवलेल्या दारात एका सुताचीही फट सापडायची नाही. पावसाळ्यात गावातली दारं फुगून अडायची, त्याची तेवढी अडायची नाहीत. देवानं याच्या डोळ्यांतच मोजपट्टी बसवून धाडलंय, असं लोक म्हणत. ते ऐकून जनू मिस्त्री मान खाली घालायचा, पण ऐकायचा मात्र शेवटपर्यंत.

असं कौतुक फार वर्षं कानावर पडत राहिलं, की माणसाला त्याची सवय होते. आपण जपून काम करतो म्हणून आपलं चुकत नाही, हे तो विसरतो. आपण आहोतच तसे, असं त्याला वाटायला लागतं. जनूचं तेच झालं होतं. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, घरच्यांवर जीव टाकणारा होता. फक्त 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून वीस-बावीस वर्षांत निघाला नव्हता.

घरात चार माणसं. जनू, त्याची बायको रंजना, मुलगी तेजश्री आणि जनूचे म्हातारे वडील. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तेही सुतारच. एकदा कौलं चढवताना छपरावरून पडले आणि त्यांची कंबर कायमची गेली. त्यांना एका तासाच्या वर बसवत नसे. तासाभरानं आडवं व्हावंच लागे, तेही सपाट फळीवर. त्यामुळे एसटी नाही, जीप नाही, लांबचं लग्न नाही. तात्यांना एकटं सोडून जाता येत नसे, म्हणून घरातलं कुणीतरी एक कायम मागं राहायचं. रंजनाच्या भावाच्या लग्नाला जनू मागं राहिला. तेजश्रीला जिल्ह्याच्या गावी बक्षीस मिळालं, तेव्हा रंजना मागं राहिली. पुढं रंजनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तात्यांपाशी राहायला तेजश्रीनं मैत्रिणींची सहल सोडली. कुणी कुरकुर केली नाही. पण वीस वर्षांत ही चार माणसं एकत्र कुठं मुक्कामाला गेली नव्हती.

त्या दिवाळीत तेजश्रीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं आणि तिला दूरच्या राज्यात एका इस्पितळात नोकरी लागली. जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. फराळाचे डबे भरता भरता रंजनानं विषय काढला.

"आवं, पोरगी एकदा गेली की सुट्टीत पाव्हनी म्हनूनच यायची. त्याआधी एकदा चौघं मिळून कुठंतरी जाऊ."

"आन् तात्या?"

"तात्यांसकटच म्हनतीय मी."

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. मागच्या वर्षी हमरस्त्याला एका झाडाखाली तिनं एक गाडी पाहिली होती. गाडीच्या मागच्या दारात स्टोव्हवर चहा उकळत होता, पोरं खाली खेळत होती आणि आत पलंगावर एक म्हातारी निवांत झोपली होती. तशीच एक जुनी व्हॅन घ्यायची. आत पलंग करायचा. तात्या झोपून येतील, वाटेल तिथं थांबता येईल. नवरा सुतार असताना त्यात अवघड ते काय, असं तिचं म्हणणं.

जनूला ते पटलं. तेजश्री तर खूशच झाली. संध्याकाळी तात्यांनी सुनेला हळूच विचारलं, "माझी गरम बंडी कुठल्या ट्रंकंत हाय गं?"

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी गाडी शोधली असती. पण सुताराचं मन लाकडापासून सुरू होतं. बंद पडलेल्या भातगिरणीच्या दोन सागवानी तुळया जनूनं आठ वर्षांमागं घेऊन ठेवल्या होत्या. सव्वासात फूट लांब. कुठं गाठ नाही, कुठं चीर नाही. एखाद्या लायक कामासाठी त्यानं त्या शेडमध्ये जपल्या होत्या. अधूनमधून तो त्यांच्यावरून नुसता हात फिरवायचा. हे काम लायक आहे, असं त्यानं ठरवलं. असलं सरळ लाकूड कापायचं तर त्याच्या जिवावर आलं. मग पलंग सव्वासात फुटांचा झाला.

पलंग मात्र असा झाला, की बघतच राहावं. दिवसा बसायचं बाकडं, खाली भांड्याकुंड्यांचे खण. रात्री उघडला की चार माणसं दाटीवाटीनं झोपतील एवढा. अख्ख्या कामात एक खिळा नाही. उशाच्या फळीपासून पायथ्यापर्यंत कडेनं कोरलेली द्राक्षाची वेल. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पलंग बघायला माणसं यायला लागली. गावातला बांधकामाचा ठेकेदार श्रीपती मोहिते दोनदा येऊन गेला.

"मिस्त्री, ह्यो पलंग न्हवं, दागिना हाय," तो म्हणाला.

तात्या काठी टेकत शेडमध्ये आले. त्यांनी सांध्यांवरून तळहात फिरवला. "काम झ्याक हाय," ते म्हणाले. "गाडी कुठं हाय?"

"मिळंल की," जनू म्हणाला. "पलंगाच्या मापाची बघू."

सगळे हसले. जनूही हसला. त्या वेळी ते कुणालाच वावगं वाटलं नाही.

मग गाडीचा शोध सुरू झाला. जनूबरोबर यासीन जायचा. यासीनचं गॅरेज होतं आणि दोघं शाळेपासूनचे दोस्त. गाडी बघायची यासीनची एक पद्धत होती. गेल्या गेल्या तो बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट गरम लागलं तर मालकानं गाडी आधीच चालू करून ठेवलीय, असं समजायचा आणि ते गार होईपर्यंत चहा पीत बसायचा. गार इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं तरच पुढची बोलणी. मग पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरायचा आणि काळ्या रंगाखाली गंज दडवलाय का, ते नखानं खरवडून बघायचा.

जनूचीही पद्धत होती. त्यानं बांबूच्या कामट्यांची, पलंगाच्या नेमक्या मापाची एक चौकट केली होती. असल्या नमुन्याला तो फर्मा म्हणायचा. गाडीचं मागचं दार उघडायचं आणि फर्मा आत सरकवायचा. गेला नाही तर इंजिनाकडं तो ढुंकूनही बघायचा नाही.

पहिली बघितली ती शाळेच्या पोरांची व्हॅन. चालक-मालक थकला होता, धंदा बंद करत होता. फर्मा रुंदीला दारातच अडला. जनू हसून बाहेर आला. दुसरी बेकरीची. तिच्यात लांबी बसली, रुंदी अडली, आणि आतल्या मुंग्या जनूच्या बाहीत शिरल्या त्या वेगळ्याच. तिसरी बँजो पार्टीची. ती चालू केल्यावर एवढा धूर निघाला, की यासीननंच हात जोडले. लेकीला स्थळं बघावीत तसा जनू पलंगाला गाड्या बघत होता आणि प्रत्येक स्थळात खोट निघत होती.

माघात चौथी गाडी आली. ती जुनी रुग्णवाहिका होती. तालुक्याच्या गावी, अर्ध्या तासावर. म्हणून या वेळी शेजारणीला घराकडं बघायला सांगून तात्यांसकट सगळे गेले.

तात्या गाडीच्या मागच्या दारापाशी उभे राहिले. दोघांनी त्यांना धरायला हात पुढं केले, पण पायरी इतकी खाली होती, की ते आपले आपणच चढले. आतल्या फळीवर आडवे झाले आणि खिडकीतून बघत राहिले.

"हितनं झाड दिसतंय की," ते म्हणाले.

रंजनानं स्टोव्हची जागा वितीनं मोजली. तेजश्रीनं छताचा आकडा दाखवला. "इथं सलाईन अडकवतात. आपण कंदील लावू." गाडीखालून यासीनचा आवाज आला, "जनू, गंजाची एक खपली निघंना. इंजिन ठणठणीत हाय. असली गाडी परत घावायची न्हाई."

जनूनं फर्मा सरकवला. तो वीतभर बाहेर राहिला.

त्यानं फर्मा तिरका केला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. वीतभर ती वीतभर. "गाडी तोकडी हाय," तो म्हणाला.

"आवं, वीतभरच तर हाय," रंजना म्हणाली. "पलंगाची वीत कापता येती की."

जनूनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्याचं बोट कापायला सांगितलं होतं. "झालेलं काम कापत न्हाईत," तो म्हणाला. सांधे खिळखिळे होतील, वेल अर्ध्यावर तुटेल, असं बरंच काही त्यानं सांगितलं. ते सगळं खरं होतं. पण आतलं कारण वेगळंच होतं. पलंग अख्ख्या गावानं बघितला होता. कापला असता तर लोकांनी विचारलं असतं, मिस्त्री, माप चुकलं का? तो प्रश्न त्याला नको होता. एवढीशी गोष्ट होती, आणि ती त्यानं स्वतःलासुद्धा सांगितली नाही.

तात्या खाली उतरले. यासीन हात पुसत म्हणाला, "जनू, गाडी तोकडी न्हाई." मग काय तोकडं आहे, हे जनूनं विचारलं नाही.

त्याच आठवड्यात ती गाडी जनावरांच्या एका डॉक्टरांनी घेतली.

फाल्गुन लागला. जनू दर रविवारी फर्मा घेऊन निघायचा आणि तसाच परत यायचा. पलंग शेडमध्ये चादर पांघरून पडलेला. घरचे आता त्याच्याबरोबर जाईनासे झाले. रंजना विचारीनाशी झाली. तात्यांनी बंडी परत ट्रंकेत ठेवायला सांगितली. उन्हाळा आला, आता ती कशाला, म्हणाले. आणि चैत्राच्या तोंडावर तेजश्रीला इस्पितळाचं पत्र आलं. कामाआधीचं प्रशिक्षण लवकर सुरू होणार होतं. जूनच्या एक तारखेऐवजी मेच्या दहा तारखेलाच हजर व्हायचं होतं. तिनं पत्र आईला दाखवलं. आईनं ते वाचलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं. बापाला दोघींनी सांगितलं ते जेवण वाढताना, सहज सांगावं तसं.

खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगताना इथं मला जनू मिस्त्रीचा राग येतो. हात धरून त्याला उठवावं आणि म्हणावं, बाबा रे, तुझे लेकीबरोबरचे वीस दिवस गेले, वीत कसली मोजतोस. पण गोष्ट सांगणाऱ्याचं कोण ऐकतं.

चैत्रात अखेर एक गाडी मिळाली. पार्सलं वाहणारी, लांबलचक, बंद डब्याची. जनूनं फर्मा आत सरकवला आणि तो सरकत सरकत थेट टोकाला जाऊन टेकला. दोन्ही अंगांना एकेक सूत मोकळं. जनूचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी त्याचं माप खरं ठरलं होतं.

यासीन गाडीखालून बाहेर आला तो हातात पत्र्याची खपली घेऊनच. "खालनं समदी खाल्लीय, जनू. चालवताना डाव्या अंगाला ओढती. पायरी बघ, गुडघ्याच्या वर हाय. आन् आख्ख्या गाडीला एक खिडकी न्हाई."

"पत्रा मारू. पायरी ठोकू. खिडक्या पाडू."

"गाडीला एवढं समदं करशील," यासीन म्हणाला, "पन पलंगाला हात लावनार न्हाईस."

जनूनं ऐकलं न ऐकलंसं केलं. उद्या सकाळी घरच्यांना घेऊन येतो, नारळ फोडतो आणि गाडी नेतो, असं त्यानं मालकाला सांगितलं. फर्मा गाडीतच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. रंजनाच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू, जास्वंदीची दोन फुलं. तात्यांना गाडीत चढवायला दोघांना काखेत हात घालावे लागले. वर येईपर्यंत म्हातारा घामाघूम झाला. आत भट्टीसारखं तापलं होतं. दार किती घट्ट बसतं हे दाखवायला मालकानं ते ओढून घेतलं, आणि आत एकदम काळोख झाला. यासीननं बाहेरून दार उघडलं.

तात्यांची बसायची वेळ संपली होती. ते गाडीच्या तळाच्या फळीवर, फर्म्याच्या चौकटीत आडवे झाले. डोकं वरच्या कामटीला लावलं. जरा दम खाल्ला. मग त्यांनी मान उचलून आपल्या पायांकडं बघितलं. पायांच्या पुढं दोन फूट फळी मोकळी होती. त्यांनी काठीनं तिथं टकटक केलं.

"हे उरलेलं कुनासाठी रं, जनू?"

मग त्यांनी नातीकडं बघितलं.

"तेजू, तू नीज बघू जरा."

तेजश्री आजोबांशेजारी आडवी झाली. तिच्या पायांशीही तेवढीच जागा उरली. तात्यांनी तिथंही काठी वाजवली. "आता तू," ते लेकाला म्हणाले. जनू घरात सगळ्यांत उंच. तोही गपचूप आडवा झाला. त्याच्याही पायांपुढं दीड फूट फळी मोकळीच राहिली.

"तुझंबी उरलं," तात्या म्हणाले. "खाट करायच्या आधी मानूस भुईवर निजवायचा आन् डोक्याशी, पायाशी खडूनं रेघ मारायची. पोरवयात शिकवलं हुतं तुला. ह्या खाटंला माप घेतलंस कुनाचं?"

जनू पत्र्याच्या छताकडं बघत पडून राहिला. घरच्यांना कशाला मोजायचं, रोज तर बघतो, असं त्याला वाटलं होतं. रेघ त्यानं मारलीच नव्हती. चौघांतल्या एकाचंही माप त्या पलंगात नव्हतं.

"लाकडाचं," तो शेवटी म्हणाला. "लाकूड लांब हुतं, तात्या. कापवंना."

तात्या रागावले नाहीत. तेही सुतारच होते. "चांगलं लाकूड कापायचं तर मीबी दोनदा करवत खाली ठिवायचो," ते म्हणाले. "पन आमाला न्यायला गाडी बघतुयास, का लाकडाला, तेवढं सांग."

रंजनानं पिशवीतून अर्धवट बाहेर काढलेला नारळ पुन्हा आत ठेवला. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याची समजूत यासीननं काढली. परतताना गावाजवळ आल्यावर जनूनं विचारलं, "यासीन, ती शाळंची व्हॅन गेली का रं?"

ती गेली नव्हती. जुनाट दिसते म्हणून कुणी घेतली नव्हती. इंजिन चांगलं होतं, पायरी लहान पोरांसाठी केलेली, अगदी खाली, आणि चारी बाजूंनी खिडक्या.

या वेळी जनूनं सगळं उलट्या क्रमानं केलं. म्हणजे खरं तर सुलट्या. आधी अंगणात तात्यांना निजवून खडूनं रेघ मारली, मग रंजनाची, मग तेजश्रीची, मग स्वतःची. मग व्हॅनची मोकळी जागा मोजली. मग लाकडाकडं आला. हिशेब सरळ होता. रुग्णवाहिकेसाठी वीतभर कापून भागलं असतं आणि चौघं आत मावले असते. या गाडीत दोनच माणसं झोपणार होती. लांबीतला दीड फूट जाणार होता आणि रुंदी निम्मी होणार होती. द्राक्षाची वेल मधेच तुटणार होती.

हे त्यानं रंजनाला स्वतः सांगितलं. "त्या गाडीत समदी मावलो असतो. माझ्यापायी गेली."

रंजनाला राग आलेला होताच, आणि तो तिनं लपवला नाही. "व्हय, तुमच्यापायीच गेली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "दोघं आत निजू, दोघं ताडपत्री बांधून भाईर. आता चला म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जनूनं करवत घेतली. आधी त्यानं शेडचं दार आतून लावून घेतलं. आतल्या आत कापलं असतं तर कुणाला कळलं नसतं. लोकांना सांगता आलं असतं, की पलंग विकला आणि हा दुसरा, लहान केला. तो बराच वेळ पलंगापाशी उभा राहिला. मग त्यानं दार उघडलं आणि पलंग ओढत भर अंगणात आणला.

करवतीचा आवाज ऐकून माणसं जमली. श्रीपती ठेकेदारही आला. वेल कापली जाताना बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "आरं मिस्त्री, ह्ये काय? माप चुकलं व्हय?"

करवत थांबली. दारात उभ्या तेजश्रीनं आईचा हात धरला.

"व्हय," जनू मिस्त्री म्हणाला. "चुकलं."

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही दिली नाही. श्रीपती पुढं झाला आणि फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला, म्हणजे लाकूड हलणार नाही. करवत पुन्हा सुरू झाली. खाटल्यावर पडलेले तात्या डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. आवाज सरळ जात होता.

पलंग बसवायला, स्टोव्हचा खण करायला, गाडीचे कागद करायला दिवस लागले. मे उजाडला तेव्हा तेजश्रीच्या हातात जेमतेम आठवडा होता. ठरवली होती ती पंधरा दिवसांची सफर चार दिवसांवर आली होती. ते दिवस कुणी परत देणार नव्हतं, आणि जनूला ते ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी सामान चढलं. तात्या कुणाचा हात न धरता आपले आपण चढले आणि पलंगावर आडवे झाले. पायांपुढं आता जेमतेम अर्धा फूट फळी उरली. तेजश्री खिडकीशी बसली. जनूनं चालकाची जागा घेतली.

रंजना घराचं दार ओढायला मागं गेली ती लवकर येईना. जनू बघायला उतरला. ती कडी लावून दारापुढं नुसती उभी होती.

"काय झालं?"

"कुलूप न्हाई," ती म्हणाली.

घरात कुलूपच नव्हतं. वीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं, कारण मुक्कामाला जायचं तर घरात कायम कुणीतरी मागं राहिलेलं असायचं. आज मागं कुणी नव्हतं. रंजना पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. रडता रडता हसली.

जनू चौकात गेला. हार्डवेअरचं दुकान अजून उघडायचं होतं. तो फळीवर बसून राहिला. दुकान उघडल्यावर त्यानं एक कुलूप घेतलं, परत आला आणि स्वतःच्या हातानं दाराला लावलं. किल्ली त्यानं रंजनाकडं दिली. मग गाडी निघाली, आणि चौघंही गाडीत होते.

तात्पर्य, मला समजलं ते असं: आपल्या माणसांसाठी काही करायला घ्याल, तेव्हा माप आधी माणसांचं घ्या, आपल्या हौसेचं नको. आणि माप चुकलंच, तर लगेच कबूल करून काम कापा. कारण कबूल करायला लावलेला उशीर आपल्या माणसांच्या दिवसांतूनच वजा होतो.